जुन्या स्पोर्ट्‌स कारसाठी गिअरबॉक्सची निवड

इंग्लंडमधील ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात 1962 ते 1980 या काळात तयार झालेली एमजीबी ही जगातील अतिशय लोकप्रिय स्पोर्ट्‌स गाड्यांपैकी एक असून, सर्व प्रकार धरून तिचे उत्पादन पाच लाखांच्या वर गेले. तिचे 1798 सीसीचे इंजिन बीएमसी कंपनीच्या ‘बी सीरिज’ या कुळातले. याच कुळातील 1489 सीसीचे इंजिन भारतीय रस्त्यांवर अँबॅसॅडरने अनेक दशके वाहिले. गाड्या इतक्या संख्येने निघाल्यामुळे त्यांचे सुटे भाग आजही मिळतात आणि झिजलेल्या गिअरबॉक्सच्या जागी काय बसवावे, या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे असतात. त्यांतले योग्य उत्तर निवडताना गिअरची संख्या हा निकष मात्र फारसा उपयोगी पडत नाही.

गिअरबॉक्सचे काम इंजिनाचे फेरे आणि चाकांचे फेरे यांचे प्रमाण बदलण्याचे असते. या प्रमाणाला गिअर गुणोत्तर म्हणतात. गुणोत्तर 3.44 असेल, तर गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या दांड्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे 3.44 फेरे होतात. त्यामुळे वेग कमी मिळतो, पण ओढण्याची ताकद वाढते. पुढे मागच्या आसावरील डिफरन्शियलमध्ये हे फेरे आणखी घटतात आणि एमजीबीत ते प्रमाण सुमारे 3.9 आहे. कोणत्याही गिअरबॉक्सचा विचार या दोन आकड्यांच्या गुणाकारानेच करावा लागतो, कारण चाकापर्यंत पोहोचतो तो हा गुणाकार.

मूळ गिअरबॉक्स चार गिअरांचा होता आणि त्याचे दोन प्रकार झाले. 1967 पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर गुंतण्यापूर्वी दोन फिरत्या भागांचा वेग घर्षणाने सारखा करणारी कड्यांची रचना, नव्हती. त्यामुळे चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना दाते करकरत असत. त्यानंतरच्या गाड्यांत पुढच्या चारही गिअरांना ती मिळाली, परंतु नवा गिअरबॉक्स आकाराने मोठा असल्याने त्याला सामावण्यासाठी दोन आसनांमधील टनेलही रुंद करावा लागला. म्हणून नंतरचा गिअरबॉक्स आधीच्या गाडीत बसवायचा म्हटले, तर पत्रा कापल्यावाचून चालत नाही.

या गिअरबॉक्सची खरी उणीव लांबच्या प्रवासात जाणवते. चौथ्या गिअरमध्ये गुणोत्तर एकास एक असल्याने ताशी 100 किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे 3,500 फेरे घेते आणि तासन्‌तास असे चालवणे कानांना तसेच इंधनाच्या खर्चाला जड जाते. यावरचा त्या काळचा उपाय म्हणजे लेकॉक कंपनीचे ओव्हरड्राइव्ह. गिअरबॉक्सच्या मागे जोडलेल्या या यंत्रात मधल्या दातेरी चाकाभोवती फिरणारी लहान चाके आणि त्यांना वेढणारे बाह्य कडे असते. चालकाने खटका दाबला की विजेवर चालणारी झडप तेलाचा दाब वळवते आणि क्लच न दाबताच गुणोत्तर सुमारे 0.8 वर येते. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे तेव्हा 2,850 च्या आसपास उतरतात. बऱ्याच गाड्यांत हे यंत्र तिसऱ्या गिअरमध्येही काम करत असल्याने चालकाच्या हाती प्रत्यक्षात सहा टप्पे असत.

आता पर्यायांकडे पाहता येईल. सर्वांत रुळलेला पर्याय फोर्डच्या ‘टाइप 9’ या पाच गिअरांच्या गिअरबॉक्सचा असून, तो 1980 च्या दशकातील सिएरा या गाडीमुळे इंग्लंडमध्ये सर्वत्र पोहोचला. त्याच्या पाचव्या गिअरचे गुणोत्तर 0.82 आहे, म्हणजे ओव्हरड्राइव्हने जे मिळते जवळपास तेच. ज्या गाडीत ओव्हरड्राइव्ह सुस्थितीत आहे, तिला पाचव्या गिअरमुळे महामार्गावर विशेष काही मिळत नाही. ज्या गाडीत ते मुळातच नव्हते, तिचा स्वभाव मात्र पालटतो.

खालच्या गिअरांचे गणित याहून बोलके आहे. नंतरच्या एमजीबीत पहिल्या व दुसऱ्या गिअरची गुणोत्तरे 3.44 आणि 2.17 आहेत, तर चार सिलिंडरच्या सिएरातील टाइप 9 मध्ये ती 3.65 आणि 1.97 आहेत. इंजिन 5,000 फेऱ्यांवर असताना पहिल्यातून दुसऱ्यात गेले, तर मूळ गिअरबॉक्समध्ये फेरे 3,150 पर्यंत उतरतात, टाइप 9 मध्ये मात्र ते 2,700 पर्यंत कोसळतात. पहिला गिअर लगेच संपतो आणि दुसऱ्यात गाडी क्षणभर रेंगाळते. माझदाच्या एमएक्स-5 या 1989 साली आलेल्या स्पोर्ट्‌स कारचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स या बाबतीत सरस ठरतो, कारण त्यात पहिला 3.14, दुसरा 1.89 आणि पाचवा 0.81 असल्याने हीच उतरण 3,000 च्या आसपास थांबते. शिवाय तो मुळातच लहान स्पोर्ट्‌स कारसाठी घडवलेला असल्याने गिअर दांड्याची हालचाल आखूड आणि नेमकी असते.

गुणोत्तरे जुळली तरी जोडणीचे काम उरतेच. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचला झाकणारे बेलहाउसिंग नव्याने घडवावे लागते. क्लचप्लेटच्या मधल्या खाचा गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टशी जुळाव्या लागतात. त्या शाफ्टचे टोक इंजिनाच्या क्रँकशाफ्टमध्ये ज्या बुशवर टेकते तो बुश बदलावा लागतो. मूळ क्लचमधील कार्बनच्या कड्याचे रिलीज बेअरिंग नव्या जुळणीत बहुधा चालत नाही. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, गिअरबॉक्स पेलणारा आधार सरकवावा लागतो, गिअर दांडा मूळ छिद्रातूनच वर यावा लागतो आणि स्पीडोमीटरला चालवणारी दातेरी जोडी वेगळी असल्याने काटा खोटा वेग दाखवू लागतो. यामुळे नुसता गिअरबॉक्स स्वस्तात मिळाला म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नसतो. हिशेब संपूर्ण संचाचा आणि कारागिराच्या तासांचा मांडावा लागतो.

आणखी एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. सिएराचे उत्पादन 1993 मध्येच थांबल्यामुळे ‘आधुनिक’ म्हणून घेतलेला तिचा गिअरबॉक्सही आज तीस वर्षांहून जुना असतो, आणि तो उघडून बेअरिंगे, सिंक्रोची कडी व तेलाची सीले बदलल्याशिवाय गाडीत चढवणे म्हणजे एक झिजलेला भाग काढून दुसरा झिजलेला भाग बसवणे होय.

मूळ स्वरूपाचा मुद्दाही केवळ हौसेचा नाही. भारतात 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी खासगी वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळण्यासाठी ते मूळ रूपात जपलेले असावे लागते आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. एमजीबीला वेगळी चासी नाही, तिचा टनेल हा बॉडीचाच भाग आहे. म्हणून तो कापण्यापूर्वी मालकाने दोनदा विचार करावा.

या सर्वांचा निष्कर्ष असा की, गाडीत ओव्हरड्राइव्हसह मूळ गिअरबॉक्स असेल, तर त्याचीच पूर्ण दुरुस्ती करणे सर्वांत शहाणपणाचे. ओव्हरड्राइव्ह नसेल, पण गाडी प्रामुख्याने मेळाव्यांपुरती रस्त्यावर येत असेल, तर त्याच पिढीचा ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स मिळवावा. लांबचा प्रवास वारंवार होणार असेल, तर पाच गिअरांचा पर्याय घ्यावा, मात्र खालच्या गिअरांची गुणोत्तरे तपासून, पत्रा न कापता बसणारा संच निवडून आणि काढलेला मूळ गिअरबॉक्स तेल लावून कोरड्या जागी जपून ठेवूनच. कारण गाडी पुढे कोणाच्याही हाती गेली, तरी ती पूर्ववत करण्याची वाट त्याच्यामुळेच खुली राहते.