निवासगाडीचा तोल

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 48 वर, गुरुग्राम जिल्ह्यात, मानेसर हे औद्योगिक नगर वसलेले आहे. येथील कारखान्यात बनलेल्या कित्येक नव्या मोटारी लांबलचक जोडगाड्यांवर चढवून दूरच्या प्रांतांत धाडल्या जातात. नव्या बनावटीच्या वाहनांची नियमानुसार तपासणी करणारे वाहनतंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय केंद्रही येथेच आहे. एका वाहनाने दुसरे वाहन निर्धोकपणे कसे ओढावे, हा प्रश्न या रस्त्यावर नित्याचाच होय.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास तो मुळीच नवा नाही. बैलगाडीत आसाच्या मागे ओझे अधिक झाले, की जू वर उचलले जाऊन गाडी ‘उलाळ’ होते. फार पुढे भरले, तर बैलांच्या माना दबतात. म्हणून जाणता गाडीवान ओझ्याचा मध्य आसाच्या किंचित पुढे ठेवतो. मध्यम आकाराच्या पिकअप मोटारीमागे निवासगाडी, म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले चाकांवरील लहानसे घर, जोडतानाही हेच तत्त्व लागू पडते. फरक आहे तो वेगाचा, आणि तो फार मोठा आहे.

निवासगाडीचे वजन 1500 किलोग्रॅम आहे असे समजू. तिच्या वजनाचा शेकडा 10 ते 15 भाग जोडणीच्या गोळ्यावर टेकावा, असा अमेरिकेतील प्रघात आहे. युरोपात हे प्रमाण कमी असते. येथे शेकडा 10 धरल्यास 150 किलोग्रॅम होतात. मोटारीच्या दोन आसांतील अंतर 3 मीटर आणि गोळा मागील आसाच्या 1.2 मीटर मागे असेल, तर तरफेच्या नियमाने पुढील चाकांवरील भार 60 किलोग्रॅमने घटतो व मागील चाकांवरील 210 किलोग्रॅमने वाढतो. दिशा देणारी चाके हलकी होतात ती अशी! शिवाय हे 150 किलोग्रॅम मोटारीच्या भारक्षमतेतूनच वजा करावे लागतात. इंजिनाची शक्ती दांडगी असून भागत नाही.

जोडगाड्यांत पुढील टोकाचा भार ओढणाऱ्या वाहनाच्या मागील आसाजवळच घेतलेला असतो, म्हणून तेथे हा दोष फारसा उद्भवत नाही.

गोळ्यावरील भार कमी पडला, तर संकट निराळेच. शेजारून मोठी मालमोटार गेली, की वाऱ्याच्या झोताने निवासगाडी डुलू लागते, आणि वेग पुरेसा असल्यास प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. अशा वेळी चाक जोराने फिरवू नये, मोटारीचा ब्रेकही करकचून दाबू नये. वेगनियंत्रकावरील पाय अलगद काढावा. निवासगाडीस स्वतंत्र ब्रेक असल्यास केवळ तेच लावावेत, म्हणजे ती मागे ताणली जाऊन सरळ होते.

घाटातील उताराचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. दोन्ही वाहने मिळून 3500 किलोग्रॅम भरली आणि 300 मीटर खाली उतरली, तर सुमारे 1 कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने नळाचे 30 लिटर पाणी उकळीस येईल. ती सारी ब्रेकांनी शोषली, तर ते तापून निकामी होऊ शकतात. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून काही भार इंजिनावर सोपवावा लागतो.