शाम्पूतली गवार

शाम्पूच्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचली की अनेकदा एक लांबलचक नाव सापडतं: ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड. ही आपल्या भाजीतलीच गवार! मुख्यतः राजस्थानात पिकणाऱ्या गवारीच्या बियांतल्या डिंकाला धन विद्युतभार देतात. केसांवर ऋण भार असतो, म्हणून हा डिंक केसाला चिकटतो आणि ओल्या केसांतून कंगवा सहज फिरतो.

मात्र वनस्पतीपासून केलं म्हणजे ते कुजतंच, असं नाही. मूळ डिंक जिवाणू सहज फस्त करतात. रासायनिक बदल वाढत गेले की त्यांना तो पचवणं जड जातं. कमीत कमी बदलात केसाला चिकटण्याचा तोच गुण मिळवणं, हेच खरं कठीण काम.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये उत्पादनांत मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणले. या डिंकासारखे पाण्यात विरघळणारे पॉलिमर मात्र त्यातून वगळले आहेत.