लाकडाच्या ढलप्यांवर तापणारे नगर

दक्षिण स्वीडनमधील व्हेक्शो नगरात एका मोठ्या भट्टीत पाणी तापवून ते जमिनीखालील नळांतून घरोघरी उबेसाठी खेळविण्यात येते. पूर्वी या भट्टीत खनिज तेल जळे. १९७३ व १९७९ साली तेलाचे भाव भडकले आणि १९८० साली तेथे लाकडाच्या ढलप्या जाळण्यास आरंभ झाला. तोडलेल्या झाडांच्या फांद्या, शेंडे, साल व लाकूड-गिरण्यांतील भुसा हे मुख्य जळण होय.

खरी अडचण ओलीची. ताज्या ढलप्यांत वजनाने सुमारे निम्मे पाणीच असते व ते उडविण्यात बरीच उष्णता खर्ची पडते. केवळ वजनावर भाव ठरविणारा खरेदीदार पाण्याचेच पैसे मोजतो! शिवाय ओल्या गवताच्या गंजीप्रमाणे ढलप्यांचा उंच ढीग आतून तापतो, क्वचित पेटही घेतो.

फांद्यापाल्याबरोबर जंगलाच्या जमिनीचा कसही भट्टीत जातो. नत्र जळून जाते. पालाश, स्फुरद व चुना मात्र राखेत उरतात. यास्तव स्वीडनमध्ये शुद्ध लाकडाची राख जंगलात परत पसरण्याची पद्धत आहे. ताजी राख दाहक असते. म्हणून ती प्रथम पाणी घालून मुरवितात व घट्ट झाल्यावरच टाकतात.