गुप्त संदेशांची जाहीर परीक्षा

पानिपतच्या पराभवाची वार्ता जानेवारी १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा आशयाचा तो मजकूर होता. पत्र पेशव्यांसाठी लिहिलेले नव्हते. तरीही मोत्ये म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, हे त्यांना उमगले. साहित्याच्या अभ्यासकाला हे रूपक मोहविते. परंतु कूटलेखन म्हणून ते दुबळेच म्हटले पाहिजे. संदर्भ ज्याला ठाऊक, त्याच्यापुढे ते उघडे पडते. त्यात पद्धत आहे, किल्ली नाही.

पद्धत आणि किल्ली यांतील हा भेद ऑगुस्त केर्कहॉफ्स याने १८८३ मध्ये स्पष्ट केला. (तो भाषांचा अध्यापक होता, याचे आम्हा साहित्यवाल्यांना थोडे समाधान वाटते.) पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती किल्ली, असे त्याचे म्हणणे. म्हणूनच आजचे कूटशास्त्रज्ञ पद्धत खुली ठेवण्याचा आग्रह धरतात. अनेकांच्या नजरेखालून गेली की तिच्यातील वैगुण्ये सापडतात.

येथवर फारसे दुमत नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. पद्धत जाहीर हवी, तर मग कच्चे सॉफ्टवेअरही लोकांच्या हाती द्यावे आणि चुका कळतील तसतसे ते सुधारीत जावे, असा युक्तिवाद केला जातो. बंगळूरसारख्या सॉफ्टवेअरच्या नगरीत तो जवळजवळ स्वयंसिद्ध मानला जातो. घरपोच जेवण मागविण्याच्या ॲपला तो लागूही पडतो. जेवण भलत्याच घरी गेले की ग्राहक तत्काळ तक्रार करतो. परंतु चुकीपासून शिकायचे तर चूक आधी दिसावी लागते. गुप्त संदेशाची चूक दिसत नाही. आतले कुलूप मोडलेले असले तरी संदेश जातो, उत्तर येते, पडद्यावरचे कुलपाचे चित्रही जागच्या जागी असते. मधल्या मध्ये वाचणारा तिसरा माणूस तक्रार नोंदवायला येत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध निदर्शने चालू होती. १९ तारखेला बंगळुरात जमावबंदी होती. त्याच दिवशी मंगळुरात पोलिसांच्या गोळीबारात दोघे मृत्युमुखी पडले आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यातील मोबाइल इंटरनेट बंद झाले. देशात ठिकठिकाणी अशी बंदी येताच ब्रिजफाय या ॲपची मागणी एकाएकी वाढली. ते इंटरनेटविना, ब्लूटूथच्या आधाराने, एका फोनवरून जवळच्या दुसऱ्या फोनवर संदेश पोचविते. रॉयल हॉलोवे या लंडन विद्यापीठाच्या महाविद्यालयातील संशोधकांनी ते तपासून ऑगस्ट २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोण कोणाशी बोलतो हे ओळखता येत होते, दुसऱ्याच्या नावाने संदेश धाडता येत होते, खाजगी मजकूर वाचता येत होता; इतकेच नव्हे, तर एका विशिष्ट संदेशाने सारे जाळे ठप्प करता येत होते. यानंतर चालकांनी सिग्नल या नावाजलेल्या ॲपची कूटपद्धत आपल्या ॲपमध्ये बसविली. २०२२ मध्ये पुन्हा परीक्षण झाले, तेव्हा मूळ पद्धत भक्कम असूनही ती जेथे जोडली होती त्या सांध्यातून खाजगी संदेश फोडता आले.

याला कोणी प्रगती म्हणेल. सॉफ्टवेअर सुधारले, हे खरेच. पण २०१९ मधल्या निदर्शकाला २०२० ची दुरुस्ती कशी उपयोगी पडावी? एकदा वाचला गेलेला संदेश पुन्हा गुप्त करता येत नाही.

जाहीर परीक्षण आणि जाहीर प्रयोग यांत फरक आहे, आणि तो आपल्या परंपरेला अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. १९२३ मध्ये उटगीकरांनी संपादिलेले विराटपर्व छापून झाले ते प्रायोगिक आवृत्ती म्हणून, आणि विद्वानांकडे अभिप्रायार्थ गेले. सुकथनकरांचे आदिपर्व पूर्ण व्हायला १९३३ उजाडले. कच्चा पाठ लपविला नव्हता. परंतु तो कच्चा आहे हे त्याच्या मुखपृष्ठावरच लिहिले होते, आणि वाचणारे ते तपासण्याच्या योग्यतेचे होते. सॉफ्टवेअरच्या व्यवहारात हा क्रम सर्रास उलटतो. आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० रोजी आले. त्याची आज्ञावली खुली झाली २६ मे रोजी. ते संदेशांचे ॲप नव्हे, पण माहिती तितकीच नाजूक होती, आणि तोवर ते कोट्यवधी फोनांवर पोचले होते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. निर्दोष साधन तयार होईपर्यंत, इंटरनेट तोडलेल्या गावातील माणसाने काय करावे? त्याने कच्चे साधन जरूर वापरावे. मात्र ते कच्चे आहे हे त्याला ठाऊक हवे. पोस्टकार्ड लिहिणारा, ते वाटेत कोणीही वाचील हे गृहीत धरूनच लिहितो, आणि लिहायचे नाही ते लिहीत नाही. बंद पाकिटाचा भरवसा देऊन पोस्टकार्ड लिहवून घेणे ही फसवणूक होय. तेव्हा आज्ञावली पहिल्या दिवसापासून खुली असावी. स्वतंत्र तज्ज्ञांचे परीक्षण होईपर्यंत निदर्शक, वकील, पत्रकार यांच्यापुढे तिची जाहिरात करू नये. आणि पहिल्याच पडद्यावर, कन्नड वाचणाऱ्यास कन्नडमध्ये, मराठी वाचणाऱ्यास मराठीत, विराटपर्वाच्या मुखपृष्ठावरचा तो एक शब्द असावा: प्रायोगिक.