दावण रिकामी करण्याआधी

आष्टी तालुक्यात पाऊस हुकला की आधी विहीर आटते, मग वैरण संपते आणि दावणीचं जनावर जड होऊ लागतं. पिकाचा भरवसा नसलेली इथली कितीतरी घरं दुधावर चालतात, त्यामुळे गाय विकायची की ठेवायची हा प्रश्न अख्ख्या घराचा असतो. असे निर्णय बऱ्याचदा पारावर ऐकलेल्या अर्धवट माहितीवर होतात. ती माहिती एकदा तपासून पाहू.

गैरसमज : दुष्काळ पडला की जनावरांची चारा छावणी आपोआप सुरू होते आणि तिचे पैसे मालकाला मिळतात.
वस्तुस्थिती : छावणीला सरकारचा निर्णय आणि प्रशासनाची मंजुरी लागते. 2019 च्या उन्हाळ्यात मोठ्या जनावरामागे रोज 100 आणि लहानामागे 50 रुपये असा दर झाला होता. ते पैसे छावणी चालवणाऱ्या संस्थेला मिळत. मालकाला मिळे तो चारा आणि पाणी.

गैरसमज : देशी गाय दारात असली की रोज 50 रुपये मिळतात.
वस्तुस्थिती : सप्टेंबर 2024 मधला हा निर्णय गोशाळांतील देशी गायींसाठी आहे. घरच्या गोठ्याला तो लागू नाही.

गैरसमज : भाकड जनावर रस्त्यावर सोडलं की सुटलो.
वस्तुस्थिती : जनावराचे हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय मोकाट जनावर प्लास्टिक खातं, गाडीखाली येतं, शेजाऱ्याचं पीक तुडवतं. सांभाळणं अशक्यच झालं तर जवळच्या गोशाळेत जागा आहे का, हे आधी विचारावं.

गैरसमज : 2015 पासून बैल विकताच येत नाही.
वस्तुस्थिती : त्या वर्षी लागू झालेल्या राज्याच्या कायद्याने गायीबरोबरच वळू आणि बैलाच्याही कत्तलीला बंदी घातली. शेतीकामासाठी बैल विकायला मनाई नाही. मात्र जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असायला हवा. आपल्याच जिल्ह्यातल्या दहिवंडीचे गोपालक सय्यद शब्बीर खाटकाला जनावर देत नाहीत, बैल देतात ते शेतकऱ्यालाच. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गैरसमज : किसान क्रेडिट कार्ड फक्त पिकासाठी असतं.
वस्तुस्थिती : 2018-19 पासून ही सोय पशुपालनालाही आहे. चारा, पेंड, औषधपाणी अशा चालू खर्चासाठी बँकेत अर्ज करता येतो. खासगी सावकाराकडे जाण्याआधी हे दार ठोठावावं.

गैरसमज : गव्हाचं काड निकस, आणि युरिया म्हणजे विषच.
वस्तुस्थिती : 100 किलो काडावर 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा आणि ते 21 दिवस हवाबंद दाबून ठेवावं. त्याने काड मऊ होतं आणि त्यातली प्रथिनं वाढतात. खाऊ घालण्याआधी ते हवेवर पसरावं. सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये. कोरडा युरिया किंवा युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागलं तर जीव जातो, म्हणून पहिली खेप पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावी.

जनावराच्या उपचारासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. कडब्याची गंज अर्ध्यावर आली की त्याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि किती जनावरं आहेत, किती दिवसांची वैरण उरली आहे, ते सांगा. गंज संपल्यावर गेलात तर भाव व्यापारी ठरवतो. आधी गेलात तर निर्णय तुमच्या हाती राहतो.