लंडनचा ब्रेकफास्ट क्लब आणि आपला पोषण आहार

लंडनला मास्टर्स करताना मी एका सरकारी प्राथमिक शाळेच्या ब्रेकफास्ट क्लबमध्ये स्वयंसेवक म्हणून जायचे. शाळा भरण्याआधी टोस्ट, सीरियल, दूध, केळी. सोमवारी मुलं जरा जास्तच खायची. एक चिमुरडी तर रोज अर्धा टोस्ट टिश्यूत गुंडाळून धाकट्या भावासाठी दप्तरात ठेवायची. इतक्या श्रीमंत शहरात!

इंग्लंडमध्ये 2014 पासून सरकारी शाळांच्या पहिल्या तीन वर्गांना सरसकट मोफत जेवण मिळतं. पुढच्या वर्गांसाठी मात्र 2018 मध्ये युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेणाऱ्या कुटुंबांना वार्षिक कमाई 7,400 पौंडांच्या आत असण्याची अट आली. थोडे पौंड जास्त कमावले की नव्या अर्जदाराचं मूल यादीबाहेर राहायचं. 2020 मध्ये फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डने आवाज उठवला, तेव्हा कुठे उन्हाळी सुट्टीत गरजू मुलांना जेवणाची व्हाउचर्स मिळाली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्न मिळू लागलं, तेही उत्पन्नाचा दाखला न मागता. मला हीच पद्धत जास्त न्याय्य वाटते. गरिबी सिद्ध करायचं ओझं मुलावर पडत नाही.

तुमची मुलं जिल्हा परिषद शाळेत असतील तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जरूर जा आणि पोषण आहाराचा दर्जा विचारा.