बिनबुडाची चहादाणी

चहादाणींत किती चहा मावेल याचा अंदाज गृहिणी नुसत्या डोळ्यांनीं घेते. संगणकाला तिचें हुबेहूब चित्र काढतां आलें, तरी हा साधा प्रश्न सुटेलच असें नाहीं. अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांत मार्टिन न्यूएल यांनीं १९७५ सालीं संगणकावर रचलेली चहादाणी हें याचें प्रसिद्ध उदाहरण होय. रेनो मोटार कारखान्यांतील पिएर बेझिए यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वक्र पृष्ठांचे २८ तुकडे जुळवून ती बनली. झांकण, कड, पोट, कान, तोटी, सारें कांहीं आलें. बूड तेवढें नव्हतें! चित्रांत बूड दिसत नाहीं, त्यामुळें कोणाचें अडलें नाहीं. पुढें आणखी ४ तुकडे जोडून तें बसविण्यांत आलें.

तथापि एवढ्यानें ती घनवस्तु झाली नाहीं. पृष्ठ म्हणजे जाडी नसलेला पडदा. असे पडदे चोहोंकडून मिटले आणि प्रत्येक कडेवर नेमकीं दोनच पृष्ठें येऊन मिळालीं, तरच आंत कोणतें व बाहेर कोणतें हें संगणकास ठरवितां येतें. घनफळ, वजन, सांचा कापणें, हीं सर्व कामें त्यानंतरचीं. या चहादाणीची तोटी तर पोटाला जोडलेलीच नाहीं. ती पोटाच्या पडद्यांतून आंत घुसलेली आहे. दोन्ही पृष्ठें जेथें छेदतात ती रेषा काढून, जास्तीचा भाग कापून, तेथें शिवण घालावी लागते.

खरी अडचण या रेषेंतच आहे. अशा दोन तुकड्यांची छेदरेषा बीजगणितांत ३२४ व्या घातापर्यंत जाते. संगणक तिच्या जवळून जाणारी सोपी रेषा घेतो आणि दोन्ही कडांमध्यें सूक्ष्म फट राहते. ठराविक मर्यादेच्या आंतील फट मिटलेली समजावयाची, असा संकेत आहे. या मर्यादेस टॉलरन्स म्हणतात. शिवण जुळेना, कीं मर्यादा वाढविण्याचा मोह होतो. घाईच्या शिंप्याचे लांब टाकेच ते! पुढें कोपरे गोलावतांना किंवा भिंतीस जाडी देतांना शिवण तेथेंच उसवते. त्यापेक्षां फटीजवळचा तुकडा काढून, शेजारच्या कडांवर बेतून नवा बसवावा हें बरें.

जाडी देतांनाहि एक पेंच असतो. पृष्ठ आंत सरकवावयाचें अंतर तेथील वक्रतेच्या त्रिज्येहून मोठें झालें, तर तें स्वतःवरच उलटें दुमडतें. बारीक कानाच्या बाबतींत असें चटकन् घडतें. म्हणून पोट व तोटी आंतून पोकळ करतात आणि कान भरीवच ठेवतात. कुंभारहि बहुधा तेंच करतो.